खेळाडू स्वतः येऊन सांगतो, ‘सट्टा हाताबाहेर गेलाय’. पहिल्या आठवड्यात काय करायचं?

मध्यरेषा (धागाकर्ता)

व्यावसायिक क्लबांची जुगाराबद्दलची पत्रकं सगळी एका छापाची. पहिल्या पानावर ‘हे करू नका’, शेवटच्या पानावर शिक्षेचा तक्ता. मधलं पान कोरं. खेळाडू संघटनेसाठी ते मधलं पान लिहायला घेतलंय, म्हणून हा धागा.

नेमका प्रश्न असा. खेळाडू, किंवा त्याची बायको, किंवा भाऊ येऊन सांगतो की सट्टा आवरत नाहीये. कुठलीही चौकशी सुरू नाही, पेपरात काही आलेलं नाही. आता कोणी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने?

गाजलेल्या प्रकरणांत याचं उत्तर मिळत नाही. इंग्लंडचा फुटबॉलपटू आयव्हन टोनी याला मे २०२३ मध्ये सट्ट्याच्या २३२ नियमभंगांबद्दल ८ महिने बंदी आणि ५०,००० पाउंड दंड झाला. इटलीचा फुटबॉलपटू सान्द्रो तोनाली याला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १८ महिने झाले. त्यातले १० मैदानाबाहेरचे, उरलेल्या ८ महिन्यांच्या बदल्यात उपचार आणि १६ ठिकाणी तरुणांपुढे बोलणं. दोघांचंही व्यसन शिक्षा ठरवताना मान्य झालं. पण दोघंही बोलले ते चौकशी दारात आल्यावर. मला आधी बोलणाऱ्याची सोय हवी आहे.

खेळ कुठलाही चालेल. नैतिक व्याख्यानं नकोत, ती पहिल्या पानावर भरपूर आहेत.

खडूस_पंच

पायरी १: फोन काढून घ्या.
पायरी २: दुसरा फोन काढून घ्या.

दीपमाळ

पंचकाका हसवतायत, पण दुसरा फोन हे खरंच लक्षण आहे. आधी ओळखण्याबद्दल लिहिते, उपचारांवर नंतर येते.

निदानाचे निकष नऊ आहेत. बारा महिन्यांत चार जुळले की जुगाराचा विकार म्हणायचं. चार-पाच म्हणजे सौम्य, सहा-सात मध्यम, आठ-नऊ तीव्र. चाळणीसाठी नऊ प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली वापरतात. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण आणि एकूण ८ किंवा जास्त आले तर प्रकरण गंभीर. वेळ नसेल तर दोनच प्रश्न विचारा: पैजेची रक्कम वाढवत न्यावीशी वाटली का? जवळच्या माणसांशी त्याबद्दल खोटं बोलावं लागलं का? एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर पूर्ण तपासणी करायची.

खेळाडूंच्या बाबतीत फसायला होतं ते रकमेमुळे. पगार एवढा मोठा असतो की हरलेले पैसे वर्षभर दिसतच नाहीत. म्हणून ‘किती हरलास’ हा पहिला प्रश्न नको. हरलेलं वसूल करायला दुसऱ्या दिवशी परत लावतोस का, झोप किती होते, शेवटचं कधी लपवलंस, हे विचारा. बाहेरून दिसणाऱ्या खुणा बारीक असतात. मानधनाची आगाऊ मागणी. तीन वेगवेगळ्या सहकाऱ्यांकडून छोटी छोटी उसनवारी, म्हणजे एकालाही आकडा मोठा वाटत नाही. महागडं घड्याळ अचानक ‘दुरुस्तीला’ जाणं. आणि ज्या सामन्याशी आपला काही संबंध नाही, त्यातल्या तिसऱ्याच खेळाडूच्या आकडेवारीवर जीव टांगणीला लागणं.

चाळणी कधी करायची, तर दुखापतीच्या काळात, हमखास. तुकुपिता मार्कानोने स्वतःच्या बेसबॉल संघाच्या सामन्यांवर पैसे लावले तेव्हा तो जायबंदी यादीत होता. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधला कॅल्विन रिडली मानसिक स्वास्थ्यासाठी रजेवर असताना त्याने लावले. दिवस रिकामा, संघ दूर, शरीराला थरार हवा असतो आणि मैदान बंद. फिजिओच्या वेळापत्रकात दर पंधरवड्याला ते दोन प्रश्न टाकले तरी बरंच काम होतं.

ऑफसाइड

थोडा कडू प्रतिसाद देतो. नियम सगळ्यांना माहीत असतात. दर मोसमाच्या सुरुवातीला वर्ग होतो, सही घेतली जाते. तरी लावायचं आणि पकडल्यावर ‘आजार’ म्हणायचं. फुटबॉलपटू ट्रिपिअर काय आजारी होता?

कलम_आठ

ऑफसाइड, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधताय. किअरन ट्रिपिअरला २०२० मध्ये दहा आठवडे बंदी झाली ती स्वतःच्या बदलीची (दुसऱ्या क्लबात जाण्याची) आतली माहिती मित्रांना दिल्याबद्दल. डॅनियल स्टरिजचंही तसंच, चार महिने. तिथे कुणी आजाराचा दावा केला नव्हता. आतली माहिती देणं, स्वतः लावणं आणि सामन्यात फेरफार करणं हे तीन वेगळे गुन्हे आहेत. एकाच खेळाडूच्या हातून तिन्ही होऊ शकतात, पण बचाव आणि शिक्षा वेगवेगळ्या.

नियमांतला फरक धाग्यात नोंदवून ठेवू, कारण खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात जातात. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये १ ऑगस्ट २०१४ पासून वरच्या आठ स्तरांतल्या पुरुष खेळाडूंना जगातल्या कुठल्याही फुटबॉल सामन्यावर पैसे लावायची बंदी आहे, स्वतःचा सामना असो की दुसऱ्या खंडातला. टेनिसमध्ये खेळाडू आणि त्याचा चमू, कुणीही कुठल्याही टेनिस सामन्यावर लावू शकत नाही. अमेरिकन बेसबॉलमध्ये नियम २१ आहे: ज्या सामन्याशी तुमचा संबंध नाही त्यावर लावलंत तर एक वर्ष, संबंध असेल तर कायमची बंदी. मार्कानो जायबंदी होता, तरी संघ त्याचाच, म्हणून जून २०२४ मध्ये तो कायमचा गेला. एनएफएलने सप्टेंबर २०२३ मध्ये तक्ता बदलला. एनएफएलवर लावलं तर किमान एक वर्ष, स्वतःच्या संघावर किमान दोन. दुसऱ्या खेळावर लावायला मुभा आहे, पण संघाच्या जागेत बसून लावलं तर पहिल्या वेळी दोन सामने. म्हणजे सरावकेंद्राच्या वाहनतळावरून बास्केटबॉलवर लावलं तर गुन्हा, घरी जाऊन तेच केलं तर नाही.

आता मूळ प्रश्नाचा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग: सांगायचं कोणाला. आयसीसीच्या भ्रष्टाचारविरोधी संहितेत संघाचा डॉक्टर आणि फिजिओसुद्धा ‘सहभागी’ धरले जातात. आणि दुसऱ्या सहभागीचा नियमभंग कळला तर तो कळवणं त्यांना बंधनकारक आहे. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा. त्यामुळे खेळाडू विश्वासाने संघाच्या डॉक्टरकडे गेला आणि ‘क्रिकेटवर लावतो’ म्हणाला, की डॉक्टर कात्रीत सापडला. पहिलं बोलणं संहितेच्या बाहेरच्या माणसाशी झालं पाहिजे: स्वतंत्र उपचारतज्ज्ञ किंवा खेळाडूचा स्वतःचा वकील. क्लबचा वकील नव्हे. त्याचं अशील क्लब असतं.

मध्यरेषा

हे मसुद्यात नव्हतंच. मी क्लबच्या कल्याण अधिकाऱ्याला पहिला संपर्क ठेवलं होतं.

कलम_आठ

तो ठेवा, पण त्याचं पहिलं वाक्य ठरवून द्या. ‘तू कशावर लावलंस ते मला सांगू नकोस. तुला मदत हवी आहे एवढंच सांग, मी तुला अमुक माणसाशी जोडून देतो.’ तपशील ऐकला की कळवण्याची जबाबदारी आली. इंग्लिश फुटबॉलमध्ये बाहेरची सोय आहे: फुटबॉलपटू टोनी ॲडम्सने २००० साली स्थापन केलेली स्पोर्टिंग चान्स ही उपचारसंस्था. क्लबच्या फाइलशी तिचा संबंध नाही, म्हणूनच ती चालते.

सांख्यिक

अवांतर वाटेल, पण ‘खेळाडूला खेळातलं कळतं, म्हणून तो जिंकत असेल’ हा समज खेळाडूंचाही असतो आणि तिथेच पाणी मुरतं. मार्कानोने बेसबॉलवर दीड लाखाहून जास्त डॉलर लावले. त्यातल्या अमेरिकन लीगवरच्या पैजांपैकी जेमतेम ४.३ टक्के जिंकल्या.

कारण पैजेच्या प्रकारात आहे. समसमान शक्यतेच्या दोन बाजूंना बुकी प्रत्येकी १.९१ भाव देतो. म्हणजे १०० लावले तर सरासरी ९५.५ परत. ही एका पैजेची गोष्ट. चार पैजा साखळीत जोडल्या (सगळ्या जिंकल्या तरच पैसे) तर परतावा ८३ वर येतो, आठ जोडल्या तर ६९ वर. ॲप पुढे करतं ती साखळीच, कारण वरचा बक्षिसाचा आकडा डोळे दिपवतो. त्यात सामना चालू असतानाच्या पैजा आल्या. पूर्वी निकालाला दीड तास थांबावं लागायचं, आता पुढच्या चेंडूवर लावता येतं. हरल्यापासून परत लावेपर्यंतचा वेळ जेवढा कमी, तेवढा बुडत्याचा पाय खोलात.

खेळाडूला खरोखर जास्त माहिती असते ती स्वतःच्या संघाची. आणि नेमकी तीच वापरली की बेसबॉलमध्ये कायमची बंदी.

चौथी_स्लिप

फुटबॉलपटू जो बार्टन विसरलात. दहा वर्षांत १,२६० पैजा, स्वतःच्या नावाच्या खात्यावरून! लपवाछपवीचाही कंटाळा केला गड्याने. २०१७ मध्ये १८ महिने झाले, अपिलात सुमारे पाच महिने कमी झाले.

खडूस_पंच

१,२६० पैजा होईपर्यंत झोपलेल्या लोकांना किती महिने झाले?

टाळेबंद

कुंपण घालण्याचा भाग मी लिहितो. पत्रकांत ‘स्वतःला वगळून घ्या’ एवढंच असतं आणि क्रम चुकतो.

आधी उतारे. सगळ्या ॲपमधला पैजांचा आणि पैसे भरण्या-काढण्याचा पूर्ण इतिहास उतरवून घ्या, जितक्या वर्षांचा मिळेल तितका. खात्यात शिल्लक असेल तर बँकेत वळती करा. हे खेळाडूने एकट्याने करायचं नाही, शेजारी माणूस हवा; लॉगिन केल्यावर ‘शेवटचं एकदा’ होतं. उतारे आधी का, तर वगळणूक नोंदवली की दार बंद होतं आणि मग तीच माहिती कंपनीकडे अर्ज करून मागत बसावं लागतं. उपचारतज्ज्ञाला, वकिलाला आणि कर्जाची यादी करणाऱ्याला, तिघांना ती लागते.

मग वगळणूक, म्हणजे सट्टा कंपन्यांनी आपल्याला खेळू देऊ नये अशी स्वतःहून केलेली नोंदणी. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप आहे, मुदत सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. पाचच घ्या. जुळणी नाव, जन्मतारीख, पत्ता, ईमेल आणि फोनवरून होते. म्हणून जुने पत्ते, जुने नंबर, कॉलेजातला ईमेल, सगळं भरा. क्लब बदलणाऱ्या खेळाडूचे पाच वर्षांत चार पत्ते होतात आणि भोक तिथेच राहतं. आणि गॅमस्टॉप फक्त तिथल्या परवानाधारक कंपन्यांना लागू आहे, बेकायदा संकेतस्थळांना नाही.

त्यासाठी तिसरा थर: प्रत्येक उपकरणावर अडवणारं सॉफ्टवेअर. गॅमबॅन आहे, बेटब्लॉकर फुकट आहे. फोन, टॅबलेट, लॅपटॉप, घरातला सामाईक संगणक, खेळाचं कन्सोल. ॲडमिनचा पासवर्ड दुसऱ्याकडे. क्लबच्या वायफायवर साइट बंद करून काही होत नाही, फोनचा स्वतःचा डेटा असतोच.

चौथा थर बँक. कार्डावरचे जुगाराचे व्यवहार ७९९५ या व्यापारी संकेतांकाने ओळखले जातात आणि बऱ्याच बँका तो संकेतांक बंद करून देतात. उघडायचा म्हटला तर मध्ये थांबण्याची मुदत असते, तीच कामाची. पण थेट बँक हस्तांतरण, ई-पाकीट आणि आभासी चलन यातून निसटतं. म्हणून पगाराचं खातं दोन सह्यांचं करा आणि आठवड्याची ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाका. पैसे हातात येण्याच्या वेळा विसरू नका: विजयाचा बोनस, सही केल्याची रक्कम, प्रतिमा-हक्कांचे पैसे. हे पगाराच्या खात्यात येतातच असं नाही, कधी एजंटच्या कंपनीतून येतात. बहुतेक कुंपणं इथे तुटतात.

वाळवंटी_पाऊस

वाचनखूण साठवली. एक विचारायचं होतं, मित्राच्या नावाने खातं असेल तर?

टाळेबंद

मग वरचं सगळं कुचकामी. पण उतारे पाहिले की कळतं: मित्राच्या नावाने गोल आकड्यांची हस्तांतरणं, सामन्यांच्या दिवशी, रात्री उशिरा. त्या मित्रालाही बैठकीत बसवावं लागतं.

मित्राचं खातं सुरक्षित आहे असं समजणाऱ्यांसाठी एक वाक्य. कंपन्या उपकरणाची ओळख आणि भौगोलिक ठिकाण नोंदवतात. २०२३ मध्ये आयोवातल्या विद्यापीठ खेळाडूंवरची प्रकरणं त्या ठिकाणाच्या नोंदीवरूनच उभी राहिली. पुढे वॉरंट नसल्याच्या मुद्द्यावर काही खटले मागे घ्यावे लागले ते वेगळं.

ऑफसाइड

कलम_आठ यांचा मुद्दा मान्य. पण तरी विचारतो. तेरा पैजा स्वतःचा संघ हरेल यावर लावणाऱ्या टोनीला ‘रुग्ण’ म्हणून तीन महिने माफ करायचे? चाहत्यांनी तिकीट कशाला काढायचं?

कलम_आठ

त्या तेरा पैजांचा तपशील पाहा. अकरा त्याच्या मूळ क्लबविरुद्ध, जेव्हा तो दुसरीकडे उसना खेळत होता. दोन त्याच्या उसन्या क्लबविरुद्ध, जेव्हा तो चमूत नव्हता. सामन्यावर प्रभाव टाकल्याचा पुरावा नाही आणि तसा आरोपही नव्हता. समितीचं गणित सरळ होतं: १५ महिन्यांपासून सुरुवात, कबुलीबद्दल ४ कमी, निदानाबद्दल ३ कमी. माफी नाही, वजाबाकी आहे.

मला खटकतो तो दुसराच भाग. त्या बंदीत पहिले चार महिने क्लबबरोबर सरावही करता येत नव्हता.

दीपमाळ

अगदी. व्यसन मान्य करायचं आणि त्याच माणसाला दिवसभर रिकामं घरी बसवायचं. तोनाली बंदीत संघाबरोबर सराव करत राहिला. सामना नाही, पण सकाळी उठून जायला जागा होती. बंदीच्या लांबीपेक्षा मला हा फरक मोठा वाटतो. टिपणात लिहा, मध्यरेषा: शिक्षेच्या वाटाघाटीत महिन्यांवर भांडण्याआधी सरावाच्या परवानगीवर भांडा.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. जुगाराच्या विकारात आत्महत्येचा धोका मोठा असतो. तो सरळ विचारायचा, आडवळणाने नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवलं आहेस का?’ विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. सगळ्यात धोक्याचे दिवस दोन: घरच्यांना पूर्ण आकडा कळतो तो आणि बातमी फुटते तो. त्या दोन्ही रात्री माणूस एकटा नको आणि समाजमाध्यमं दुसऱ्याच्या ताब्यात असू द्या. उत्तर ‘हो’ आलं तर पुढची कुठलीही पायरी नाही, आधी तातडीचा मानसोपचार.

रनअप

ड्रेसिंग रूममधल्या पत्त्यांवर काही आहे का टिपणात? सगळे ॲप-ॲप करतायत. बसमधल्या आणि विमानातल्या डावांना कुठली वगळणूक यादी?

चौथी_स्लिप

वॉशिंग्टनचं बास्केटबॉल प्रकरण. डिसेंबर २००९, विमानातल्या पत्त्यांच्या डावावरून गिल्बर्ट अरीनस आणि जवारिस क्रिटेंटन यांची जुंपली आणि दोघांनी ड्रेसिंग रूममध्ये पिस्तुलं आणली. उरलेला मोसम दोघंही निलंबित. डावाला कमाल रक्कम ठरवता येते. पण खरा नियम ‘उधारीवर डाव नाही’ हा हवा. रोख संपली की उठायचं.

रनअप

आणि नवख्याला डावात ओढायचं नाही. वरिष्ठाचा पगार त्याच्या वीसपट असतो.

उंबरठा

उधारीचा विषय निघालाच आहे तर तोच सगळ्याचा कणा आहे असं माझं मत. जुगारी खेळाडू आणि सामना विकणारा खेळाडू यांच्यामधला पूल म्हणजे देणं.

जॉन्टे पोर्टरचं प्रकरण पायरीपायरीने पाहा. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधला काठावरचा खेळाडू, जुगाराचं मोठं देणं. देणेकऱ्यांनी सुचवलं की ठरवून सामन्यातून लवकर बाहेर पड, देणं फिटेल. २६ जानेवारी २०२४ ला तो डोळ्याच्या दुखापतीचं कारण सांगून चारेक मिनिटांत बाहेर. २० मार्चला तीन मिनिटं खेळून ‘बरं वाटत नाही’. त्याचे गुण, रिबाउंड कमी राहतील अशा पैजा आधीच लागल्या होत्या. त्यातली एक ८०,००० डॉलरची साखळी, जिंकली असती तर ११ लाख. कुणाला फारसा माहीत नसलेल्या राखीव खेळाडूवर एवढी रक्कम, म्हणून कंपनीने पैसे अडवले आणि बिंग फुटलं. एप्रिलमध्ये कायमची बंदी, जुलैत न्यायालयात गुन्हा कबूल.

यात सामना हरवायची गरजच पडली नाही. लॉर्ड्सवर २०१० मध्ये आमिर-आसिफने तीन नोबॉल टाकले, त्यानेही सामन्याचा निकाल ठरला नव्हता. छोट्या घटनेवर पैज लावता येत असेल, तर विकायला लागणारी वस्तू छोटी होते आणि देणेकऱ्याला ‘एवढंच तर कर’ म्हणता येतं. अमेरिकन बेसबॉलने नोव्हेंबर २०२५ मध्ये एकेका फेकीवरच्या पैजेला २०० डॉलरची मर्यादा घातली आणि त्या साखळीत जोडायला बंदी केली, ती दोन गोलंदाजांवर असेच आरोप ठेवले गेल्यावर. दोघांनी तेव्हा आरोप नाकारले.

म्हणून पहिल्या दिवशीचा प्रश्न ‘किती देणं आहे’ हा नाही. ‘कोणाला देणं आहे आणि तो काय मागतोय’ हा आहे. बँकेचं, पतपेढीचं, सहकाऱ्याचं देणं म्हणजे पैशाची अडचण. बेकायदा बुकीचं देणं म्हणजे एक माणूस, ज्याच्याकडे तुमचे मेसेज आहेत. तिथे गप्प बसण्यासारखी चूक नाही. शाकिब अल हसनला २०१९ मध्ये दोन वर्षं बंदी झाली (त्यातलं एक स्थगित) ती पैसे घेतल्याबद्दल नाही. विचारणा झाली आणि कळवली नाही, एवढ्यावर.

कलम_आठ

+१. आणि मेसेज पुसायचे नाहीत. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे आणि सट्ट्यापेक्षा सिद्ध करायला सोपा. घाबरलेला खेळाडू पहिल्यांदा हेच करतो.

वाळवंटी_पाऊस

बेसबॉलपटू ओहतानीचा दुभाषा या हिशोबात कुठे बसतो?

उंबरठा

इप्पेई मिझुहारा हे उलटं उदाहरण: खेळाडू जुगारी नाही, सोबतचा माणूस जुगारी. बेकायदा बुकीने उधारीची मर्यादा वाढवत नेली आणि ओहतानीच्या खात्यातून जवळपास १ कोटी ७० लाख डॉलर गेले. बँकेच्या नोंदीत संपर्काचा फोन आणि ईमेल त्याने स्वतःचा टाकला होता आणि फोनवर स्वतःच ओहतानी म्हणून बोलत होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये ५७ महिन्यांची शिक्षा झाली. बोध तांत्रिक आहे: बँकेचा प्रत्येक संदेश खेळाडूच्या स्वतःच्या फोनवर आला पाहिजे आणि सल्लागार निवडताना त्याच्या सवयीही पाहिल्या पाहिजेत.

मध्यरेषा

देणं फेडण्याबद्दल विचारायचं राहिलं. घरचे म्हणतात, झाकली मूठ सव्वालाखाची, एकदाच फेडून टाकू. काही क्लबही आगाऊ रक्कम देतात.

दीपमाळ

नको. दुसऱ्याच्या पैशाने सुटका करून घेणं हा त्या नऊ निकषांपैकीच एक आहे. देणं एका फटक्यात फिटलं की डोक्यात हिशोब बसतो, ‘पुन्हा तळ गाठला तर पुन्हा कुणीतरी येईल’. आणि पत मोकळी झाल्यामुळे लावायला नवी उधारी मिळते. यादी करा, हप्ते ठरवा आणि हप्ता खेळाडूच्या मानधनातून, त्याच्या डोळ्यांसमोर जाऊ दे.

उंबरठा

अपवाद एकच: धमकी आली असेल तर. पण तेव्हाही पैसे देणं हे उत्तर नाही, पोलीस आणि वकील हे उत्तर आहे. एकदा दिले की दर वाढतो.

सांख्यिक

क्लबने दिलेल्या आगाऊ रकमेत आणखी एक गोम आहे. खेळाडू क्लबचा ऋणको झाला की बदली, करारवाढ, सगळ्यात त्याचा हात दगडाखाली.

चौथी_स्लिप

आणि छातीवर सट्टा कंपनीचा लोगो लावून फिरणाऱ्या क्लबने हे टिपण वाचून दाखवायचं म्हणजे… टोनीच्या ब्रेंटफर्डच्या जर्सीवर कोण होतं ते आठवा. सट्टा कंपनीच.

ऑफसाइड

लोगो काढून काय होतं? इटलीने २०१९ पासून जुगाराच्या जाहिराती बंद केल्या. तोनाली आणि त्याच्याच देशाचा फुटबॉलपटू फाजोली तरी अडकलेच, तेही बेकायदा साइटवर. प्रीमियर लीगचे क्लबही २०२५-२६ नंतर छातीवरचा लोगो काढायचं ठरवून बसलेत, बाहीवरचा राहणारच.

चौथी_स्लिप

जाहिरातबंदीने रोग जात नाही, मान्य. पण उपचार घेणाऱ्या खेळाडूला त्या कंपनीच्या जाहिरातीत उभं करू नये, एवढं करारात लिहिता येतं. हाशिम अमला वर्षानुवर्षं बिअरचा लोगो न लावता खेळला, कुणाचं काही बिघडलं नाही.

दीपमाळ

उपचारांचं थोडक्यात. सगळ्यात भक्कम आधार आहे तो विचार-वर्तन उपचारपद्धतीला. त्यात ‘आता माझी पाळी’, ‘थोडक्यात हुकलं’ हे समज उलगडतात आणि धोक्याच्या वेळा ठरवून भरतात. खेळाडूची धोक्याची वेळ बहुधा सराव संपल्यानंतरची दुपार आणि बाहेरगावच्या सामन्याआधीची हॉटेलातली रात्र. खोलीत जोडीदार ठेवा. नाल्ट्रेक्झोन काही जणांना उपयोगी पडतं, ते मानसोपचारतज्ज्ञाने ठरवायचं. कुठलंही औषध सुरू करण्याआधी उत्तेजकांच्या प्रतिबंधित यादीशी ताडून घ्या. आणि आधीपासून कुठली औषधं चालू आहेत तेही विचारा. अरिपिप्राझोलमुळे जुगाराची अनावर इच्छा होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये दिला होता.

ऑफसाइडना एक आकडा: ब्रिटनमधल्या व्यावसायिक क्रिकेटपटू आणि फुटबॉलपटूंच्या २०१४ च्या पाहणीत ६.१ टक्के समस्याग्रस्त निघाले, सर्वसाधारण तरुण पुरुषांत १.९ टक्के. वर्ग आणि सह्या तेव्हाही होत्या.

मध्यरेषा

सगळ्यांचे आभार. मसुदा आता असा उभा राहतोय. पहिल्या तासात कल्याण अधिकारी तपशील न ऐकता बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून देतो आणि जिवाचा धोका विचारला जातो. पहिल्या दिवशी स्वतंत्र वकील, ‘कोणाला देणं’ हा प्रश्न आणि फोन जसाच्या तसा ठेवणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतारे, मग वगळणूक, सॉफ्टवेअर, बँक, याच क्रमाने. आठवडा संपायच्या आत वकिलाच्या सल्ल्याने ठरवायचं की नियामकाकडे स्वतःहून जायचं का. हे शेवटचं मला अजून जड जातंय.

कलम_आठ

जड आहेच. तोनालीने इंग्लंडमध्ये आल्यावर लावलेल्या पैजा स्वतःहून सांगितल्या आणि मे २०२४ मध्ये त्याला २०,००० पाउंड दंड आणि दोन महिन्यांची स्थगित बंदी मिळाली, म्हणजे एकही सामना गेला नाही. पण ते समितीच्या मर्जीवर होतं, नियमात तशी हमी नाही. बेसबॉलच्या नियम २१ मध्ये तर स्वतःच्या संघावर लावल्याचं स्वतःहून सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. संघटनेने खरं मागायला हवं ते हेच: उपचाराला स्वतःहून आलेल्याला शिक्षेत किती सूट, ते आधीच लिहून ठेवा. फेरफार आणि आतली माहिती त्यातून वगळा, हरकत नाही.

ऑफसाइड

वगळणार असाल तर माझी सही घ्या.

टाळेबंद

मसुद्यात एक कलम वाढवा: बदली. गॅमस्टॉप ब्रिटनपुरतं, स्वीडनचं स्पेलपॉस स्वीडनपुरतं, जर्मनीचं ओएसिस जर्मनीपुरतं. खेळाडू जानेवारीत दुसऱ्या देशात गेला की नवा फोन नंबर, नवी बँक, नवा पत्ता आणि कोरी पाटी. वर हातात सही केल्याची मोठी रक्कम. नव्या देशातली वगळणूक विमानात बसायच्या आधी नोंदवता येते का ते पाहा. नसेल तर रहिवासी क्रमांक मिळाल्याच्या दिवशी. आणि सहीची रक्कम हप्त्यांत घ्या.

रनअप

उसना जाणाऱ्यालाही तेच. उसन्या क्लबाकडे त्याची कुठलीच फाइल जात नाही.

मध्यरेषा

दोन्ही टाकतो. फाइल खेळाडूच्या लेखी संमतीनेच जाईल आणि ती तज्ज्ञाकडून तज्ज्ञाकडे, क्लबाकडून क्लबाकडे नाही. सुधारित मसुदा याच धाग्यात चिकटवेन.

खडूस_पंच

तिसरा फोन राहिला.